मृगाआधीची डागडुजी

सकाळी 5.30
साखरखेर्ड्याबाहेर, रस्त्याकडेला घिसाड्याची, म्हणजे फिरत्या लोहाराची, गाडी सोडलेली आहे. मे संपत आला. गाडीच्या साट्याला बांधलेलं पाल, वर निळी ताडपत्री. घर एवढंच. आजी आत बसून वर बघते. भोकांतून उजेड येतो. प्रत्येक भोकाभोवती ती कोळशाने गोल काढते. 13 भोकं. मृग आठ-दहा दिवसांवर आहे.

सकाळी 6.45
पहिलं गिऱ्हाईक वखराची पास घेऊन येतं. आजी चाकाचा भाता फिरवते, लोणारी कोळसा फुलतो. घिसाडी लाल पास सांडशीने ऐरणीवर धरतो, त्याची बायको, आजीची सून, घण घालते. तो हातोडीने जागा दाखवतो, घण नेमका तिथेच पडतो. धार पातळ झाली की पाण्यात बुडवायची. पाजवणी 60 रुपये.

"पन्नासात कर ना भौ."
"कोळसा चाळीस रुपये किलो झाला, मालक."

गिऱ्हाईक 60 देतं. मला बरं वाटलं.

सकाळी 9.30
झाडाखाली चार जण नंबर लावून. एक म्हातारे शेतकरी घिसाड्याच्या पोराला 1724 ची लढाई सांगतात. निजामाने मुबारिझखानाला इथंच हरवलं. पोरगं विचारतं, "मग घोड्यांना नाल कोणी ठोकले?" म्हातारे गप्प होतात. घिसाडी बायकोला काहीतरी सांगतो. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची. दोघंही हसतात.

सकाळी 11.30
ऊन चढलं, गिऱ्हाईक थांबलं. आता घरची कामं. उन्हाने चाकाचं लाकूड आटलंय, लोखंडी धाव खुळखुळते. घिसाडी धाव उतरवतो, बोटभर कापतो. सांधा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून, 80 रुपये. मग धाव गोवऱ्यांच्या जाळात. गोवऱ्या फुकटच्या, एका शेतकऱ्याची खुरपी पाजवून दिल्याबद्दल. धाव तापून फुगते. दोन सांडश्यांनी उचलून दोघं ती चाकावर बसवतात. लाकूड धुरकटतं. सून घागर ओतते. लोखंड आक्रसतं, आरे कटकट वाजतात आणि चाक आवळलं जातं. या कामाचे पैसे त्यांना कोण देणार?

दुपारी 2
आजीपुढे गोधडी. अवजारांच्या पेटीचा गंज गोधडीला लागलाय. चिंचेचा कोळ आणि मीठ डागावर चोळून ती गोधडी उन्हात टाकते, तासाने धुते. तांबडा डाग फिका पिवळा होतो. आखाच्या वंगणाच्या डागावर आधी कोरडी राख. राख तेल ओढते, मग साबण. पाणी मात्र मोजून. ड्रमला 60 रुपये. वंगणाचा एक जुना डाग हटतच नाही. आजी त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवते आणि चारी बाजूंनी टाके घालते. आतापर्यंत पाहिलेल्या कामांत मला हेच सगळ्यात सुबक वाटलं.

दुपारी 4
ताडपत्री खाली उतरते. कोळशाच्या प्रत्येक गोलावर ठिगळ, दाभणाने नायलॉनची दोरी. टाक्यांच्या भोकांवर वितळलेलं डांबर. ते रस्त्याच्या कामावर सांडलेलं, पोराने वेचून आणलेलं. सुनेच्या बोटांना डांबर चिकटतं. ती खोबरेल चोळून काढते, मग भाकरीचं पीठ मळते.

संध्याकाळी 6
शेवटची पास. शेतकरी उधार म्हणतो. घिसाडी नाही म्हणतो. पुढच्या आठवड्यात तो इथे नसेल.

रात्री 8.30
हिशेब. सात पासा 420, पाच विळे 150. आले 570. कोळसा 200, वेल्डिंग 80, पाणी 60, दोरी 30, चिंच 10. उरले 190. आजी तांब्याने ताडपत्रीवर पाणी ओतते. आतून पोरगं ओरडतं, "एक गळतंय!" उद्याला एक ठिगळ राहिलं.

पाल अजून चार दिवस इथे आहे. पास पाजवायची असेल तर सकाळीच न्या, आणि साठ सांगितले तर साठ द्या.