पीळ न जळलेला उमराव

पडलेल्या माणसास हंसूं नये, असें आपणां सर्वांस लहानपणापासून शिकविलें जातें. मग ज्याचें घर गेलें, जमीन गेली, पदवी गेली, अशा उतारवयाच्या उमरावास कादंबरीचा विदूषक करणारे लेखक निर्दय म्हणावयाचे काय? रशियन वाङ्मयांतील एका फार गाजलेल्या पात्रामुळें हा प्रश्न उभा राहतो. त्या पात्राचें नांव इप्पोलित मात्वेयेविच वोरोब्यानिनोव, कादंबरीचें नांव 'बारा खुर्च्या', आणि तिचे लेखक दोन : इल्या इल्फ व येवगेनी पेत्रोव. या गृहस्थाची ओळख करून घेऊन, आपण त्याला कां हंसतों आणि कोठें हंसावयाचें थांबतों, एवढेंच आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. रशियांतील उमराव वर्गाला सम्राज्ञी दुसरी कॅथराइन हिनें १७८५ सालीं सनद दिली. जिल्ह्याजिल्ह्यांतील उमरावांचीं मंडळें दर तीन वर्षांनीं आपला एक प्रमुख निवडीत. हा प्रमुख म्हणजे त्या भागांतील पहिल्या मानाचा मनुष्य. १८६१ सालीं भूदासांची मुक्तता झाली, तेव्हांपासून या वर्गाची सांपत्तिक स्थिति खालावत गेली. जमिनी गहाण पडल्या, वाडे विकले गेले, परंतु मान शिल्लक होता. १९१७ च्या नोव्हेंबरांत बोल्शेव्हिक सरकारनें एका हुकुमानें सारे वर्गभेद आणि पदव्या रद्द केल्या, आणि तो मानही गेला. १९१८ च्या राज्यघटनेनें श्रमावांचून मिळणाऱ्या उत्पन्नावर जगणारे, खासगी व्यापारी, धर्मोपदेशक इत्यादिकांचा मताधिकार काढून घेतला. घटनेच्या अक्षरांतून हा निर्बंध गेला तो १९३६ सालीं. जुन्या राजवटींतून मागें उरलेल्या अशा लोकांसाठीं रशियन भाषेंत एक शब्द रूढ झाला. त्याचा सरळ अर्थ 'माजी माणसें' असा आहे. मिखाइल बुल्गाकोव याच्या १९२६ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'झोयाचें बिऱ्हाड' या नाटकांतील काउंट ओबोल्यानिनोव या शब्दानेंच बुचकळ्यांत पडतो. समोर जिवंत उभा असलेला मनुष्य माजी कसा होऊं शकतो, हें कोडें त्याला कांहीं केल्या सुटत नाहीं.

क्रांतीपूर्वींही रशियन लेखकांनीं ऱ्हास पावणाऱ्या उमरावाकडे विनोदी दृष्टीनें पाहिलें होतेंच. चेखॉव्हच्या १९०४ सालच्या 'चेरीची बाग' या नाटकांतील गायेव आठवा. त्याची वडिलोपार्जित बाग लिलावांत निघत असतां तो बिलियर्डच्या खेळाचे शब्द पुटपुटतो आणि शंभर वर्षांच्या जुन्या कपाटाला उद्देशून भाषण करतो. आपण हंसतों, पण त्या हंसण्यांत माया असते. कारण गायेव कोणाचें कांहीं हिरावून घेऊं इच्छीत नाहीं. तो आपल्या डोळ्यांदेखत विरून जाणारा मनुष्य आहे. वोरोब्यानिनोव याहून वेगळा आहे, आणि तो वेगळेपणाच आपणांस समजून घ्यावयाचा आहे.

इल्फ आणि पेत्रोव हे दोघेही ओदेसा या बंदराच्या शहरचे. मॉस्कोंत रेल्वे कामगारांच्या 'गुदोक' या वृत्तपत्रांत ते नोकरीस होते. जुन्या खुर्च्यांमध्यें दडविलेल्या हिऱ्यांची कल्पना त्यांना पेत्रोवचा वडील भाऊ, प्रसिद्ध लेखक वालेंतिन कातायेव यानें दिली, आणि कादंबरी त्यालाच अर्पण केलेली आहे. १९२८ सालीं ती एका मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली.

कथेचा आरंभ १९२७ सालच्या एप्रिल महिन्यांत होतो. वोरोब्यानिनोव बावन्न वर्षांचा आहे. एके काळीं तो स्तारगोरद गांवच्या उमरावांचा प्रमुख होता. आतां एका आडगांवीं जन्ममृत्यु-विवाहाच्या नोंदणी कचेरींत कारकुनी करून सासूसह राहत आहे. येथें लेखक त्याची थट्टा करतात, पण ती सौम्य आहे. त्यानें एकदां सोनेरी दांड्यांचा चष्मा घेतला. परंतु त्या चष्म्यांत तो हुबेहुब मिल्युकोवसारखा, म्हणजे क्रांतिकाळांतील एका पुढाऱ्यासारखा दिसतो, असें त्याच्या पत्नीचें मत पडलें. तेव्हां त्यानें तो चष्मा रखवालदाराला देऊन टाकला. रखवालदाराची दृष्टि चांगली होती, तरी तो चष्मा मोठ्या हौसेनें वापरूं लागला! हा भित्रा, नीटनेटका कारकून असाच म्हातारा झाला असता, तर आपण त्याच्याविषयीं हळहळलों असतों.

परंतु मरतांना सासू सांगते, 'मीं माझे हिरे दिवाणखान्यांतील बारा खुर्च्यांपैकीं एकींत शिवून ठेवले होते.' त्या क्षणापासून कारकून नाहींसा होतो आणि उमराव पुन्हां जागा होतो. खरा विनोद येथून सुरू होतो. म्हणजे ज्याला आपण हंसतों तें त्याचें पडणें नव्हे. पुन्हां वर चढण्याची त्याची धडपड हा हंसण्याचा विषय आहे. आपल्याकडे म्हणतात त्याप्रमाणें सुंभ जळला, पण पीळ गेला नाहीं. त्या पिळाचें हें हंसूं आहे.

चढण्याची प्रत्येक पायरी त्याला खालींच नेते. कोणी ओळखूं नये म्हणून तो केंसांना आणि मिशांना 'टायटॅनिक' नांवाचा कलप लावतो. तो धुतांच मिशा हिरव्या होतात, आणि अखेर हजामत करून मोकळें व्हावें लागतें. स्तारगोरदला तो आपल्या वाड्याकडे येतो, तों तेथें सरकारी वृद्धाश्रम झालेला. 'मालक' म्हणून हांक मारणारा जुना रखवालदार तेवढा उरला आहे. तेथेंच त्याची गांठ ओस्ताप बेंडर या अठ्ठावीस वर्षांच्या हजरजबाबी भामट्याशीं पडते. बेंडर अर्ध्याहून अधिक वांटा मागतो, आणि हळूहळू स्वतःच धनी होऊन बसतो. लहानपणीं घरीं कोणत्या लाडक्या नांवानें हांक मारीत असें तो विचारतो, आणि यापुढें जिल्ह्याचा हा माजी प्रमुख 'कीसा', म्हणजे मनीमाऊ, या नांवानें वावरूं लागतो.

बेंडरला या माणसाची किंमत नेमकी कळली आहे. गांवांतील कांहीं जुन्या लोकांस एका बनावट गुप्त कटाच्या नांवाखालीं जमवून तो वर्गणी उकळतो, आणि वोरोब्यानिनोवला थोर मुत्सद्दी म्हणून पुढें बसवितो. त्याचें काम एकच : गप्प बसून गाल फुगवावयाचे. या प्रसंगांत लेखकांचा सारा आरोप सांठविलेला आहे. ज्या थोरवीला बोलावें लागत नाहीं, कांहीं करावें लागत नाहीं, ती गाल फुगवूनही साधते.

पुढें मॉस्कोंत दहा खुर्च्या लिलावांत निघतात. बेंडर दोनशे रुबलांस त्या जिंकतो. वर तीस रुबल दस्तुरी. परंतु आदल्या रात्रीं वोरोब्यानिनोवनें एका तरुणीला उंची उपाहारगृहांत नेऊन, जुना सरदारी थाट आठवून, बरोबरचे पैसे उडविले आहेत. खुर्च्या सुट्या विकल्या जाऊन दाही दिशांना पांगतात. अखेर काकेशसमधील प्यातिगोर्स्क येथें हा पूर्वीचा उमराव टोपी पुढें धरून फ्रेंच, जर्मन आणि रशियन अशा तीन भाषांतून भीक मागतो. एकेकाळीं पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठीं शिकलेल्या भाषांचा हा शेवटचा उपयोग!

येथपर्यंत आपण मोकळेपणानें हंसतों. परंतु लेखक तेथें थांबत नाहींत. भटकंतींत वोरोब्यानिनोव बदलत जातो. पूर्वींचा भित्रेपणा जातो, पण त्याच्या जागीं शहाणपण येत नाहीं, क्रूरता येते. शेवटची खुर्ची मॉस्कोंतील रेल्वे कामगारांच्या क्लबांत आहे हें कळल्यावर, वांटा द्यावा लागूं नये म्हणून, तो झोंपलेल्या बेंडरचा गळा वस्तऱ्यानें कापतो. खुर्ची मिळते, पण रिकामी. दिव्याचा गोळा काढावयास खुर्चीवर चढलेला रखवालदार पडला, कापड फाटलें, हिरे बाहेर आले, आणि त्यांच्या किंमतींतून हा क्लब उभा राहिला. वाफेची ऊब, बुद्धिबळें, उपाहारगृह, नाट्यगृह, सारें तेथें आहे. ज्या धनासाठीं त्यानें रक्त सांडलें, त्या धनाच्या आंतच तो उभा आहे, आणि तें सर्वांचें झालें आहे. वाचकाचें हंसूं येथें ओठांवरच गोठतें.

श्रोतेहो, आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. त्या काळांत हजारो माजी माणसांनीं खरोखरीचें दुःख भोगलें. शिकवण्या करून, भाषांतरें करून, घरांतील वस्तु विकून दिवस काढले. त्यांची चेष्टा या पुस्तकांत नाहीं. चेष्टा आहे ती, आपण कांहीं न करतां मोठे होतों आणि तें मोठेपण जगानें परत द्यावें, या समजुतीची. आणि ही समजूत एकट्या उमरावांची नव्हे, हेंही लेखकांना ठाऊक होतें. याच कादंबरींत तीस शब्दांत सारा संसार आटोपणारी फॅशनेबल गृहिणी आहे, एकच कविता थोडीशी बदलून अनेक मासिकांना विकणारा कवि आहे, वृद्धांच्या तोंडचा घास खाणारा लाजाळू व्यवस्थापक आहे. हीं सारीं नव्या राजवटींतील माणसें. नव्या सत्ताधाऱ्यांनाही हें हंसूं पुढें पेललें नाहीं. १९४८ सालीं अधिकृत साहित्यसंस्थेनें या पुस्तकांना दोष दिला, आणि १९५६ पर्यंत तीं सोव्हिएत देशांत पुन्हां छापलीं गेलीं नाहींत. तें पाहावयास दोघांपैकीं कोणी उरला नव्हता. इल्फ १९३७ सालीं क्षयानें गेला, आणि पेत्रोव १९४२ सालीं युद्धवार्ताहर असतांना विमान अपघातांत मरण पावला.

पडलेल्या माणसास हंसूं नये, ही शिकवण खरीच आहे. या दोन मित्रांनीं तीस एवढीच पुस्ती जोडली कीं, जो पडूनही गाल फुगवून बसतो, त्यास मात्र वेळींच हंसावें. कारण त्या गालांमागें केव्हां वस्तरा उगारला जाईल, याचा नेम नसतो.