उभ्या गाडीची बॅटरी

एटीव्ही म्हणजे चिखल, खडक, नांगरलेलं रान, कशालाही न जुमानणारी गाडी. पण सुरतेत ती बहुतेक काळ उभीच असते. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी अशा गाड्यांची सहसा नोंदणी होत नाही आणि डुमसच्या किनाऱ्यावर वाहनं न्यायला मनाई आहे. म्हणून ती सुटीच्या दिवशी फार्महाऊसच्या आवारात किंवा खासगी ट्रॅकवर तासभर फिरते आणि पुन्हा शेडमध्ये जाते. जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत तिच्यावरचं कव्हर निघत नाही. इंजिन, टायर, सस्पेन्शन ही विश्रांती बऱ्यापैकी सोसतात. बॅटरी सोसत नाही. या गाडीची बॅटरी धावून जितकी झिजते, त्याहून जास्त उभी राहून मरते.

होंडाने १९७० मध्ये आणलेली तीनचाकी एटीव्ही दोरी ओढून सुरू व्हायची. आजच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना केवळ बटण असतं. फ्युएल इंजेक्शनचा पंप आणि त्याचा कंट्रोलर यांनाही वीज लागते. पुढे विंच बसवलेला असेल, तर रुतलेली गाडी ओढून काढण्याचा भारही या छोट्या बॅटरीवरच येतो. बॅटरी बसली की शेकडो किलोचं यंत्र जागचं हलत नाही.

आतली रचना मात्र जुनीच आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या प्लेटा गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात. बॅटरी वापरली की दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट साचतं, चार्ज केली की ते पुन्हा विरतं. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात. मग ते चार्जरलाही दाद देत नाहीत आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

चावी काढून ठेवली तरी बॅटरी आपोआप उतरत असते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. सुरतेचा उन्हाळा आणि पत्र्याची शेड एकत्र आली की काय होणार, हे वेगळं सांगायला नको. त्यात मीटर, अलार्म, कंट्रोलर थोडा थोडा करंट खात राहतात. समुद्राकडून येणारी खारट, दमट हवा टर्मिनलला गंज चढवते. पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसू लागली, की तिथे वीज अडू लागली आहे, असं समजावं.

तपासणीला मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद करून काही तास झाले की तो लावायचा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ दिसले तर चार्जिंगला लावण्याची वेळ आली. १२ च्या आसपास आली असेल तर एक दिवसही थांबू नये. मग स्टार्टर मारताना आकडा पाहावा. तो साडेनऊच्या खाली कोसळला, तर वरून भरलेली दिसणारी बॅटरी आतून थकलेली असते. इंजिन थोड्या वेगाने चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा मिळाले, तर गाडीची चार्जिंग व्यवस्था ठीक आहे. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करण्याची सवय मात्र घातक आहे. स्टार्टरने घेतलेली वीज तेवढ्यात भरून येत नाही.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. हा क्रम पाळला, तर पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासावं, कोरडं करावं, क्लॅम्प घट्ट आवळावा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. झाकणं असलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांचं नुकसान करतात. एजीएम बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या जाळीत धरून ठेवलेलं असतं, म्हणून ती दणके चांगली सोसते. ती कधीही उघडू नये. चार्जरचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा असावा: १२ अँपिअर-अवरच्या बॅटरीला १.२ अँपिअर पुष्कळ. पावसाळ्यात निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जिंग करावं. शेडमध्ये वीज असेल तर भरल्यावर स्वतःच हात आखडता घेणारा मेंटेनर उत्तम.

हे जमत नसेल तर सुरतेत मदत शोधायला लांब जावं लागत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, तिथे आपल्या भाषेत अडचण सांगता येते. लोड टेस्टर लावून दाखवणाऱ्या मेकॅनिककडेच जावं, नुसत्या अंदाजाने नवी बॅटरी विकणाऱ्याकडे जाऊ नये.

आणि बॅटरी खरंच संपली, तर ती बदलताना विक्रेत्याकडेच परत द्यावी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं. उघड्यावर बॅटरी फोडून ते वितळवलं की त्याचा धूर आणि दूषित माती आसपासच्या वस्तीला भोगावी लागते. म्हणून महिन्याकाठी बॅटरीसाठी काढलेला तास केवळ मालकाचे पैसे वाचवत नाही. एक बॅटरी दोन वर्षं जास्त टिकली, तर तेवढं शिसं भट्टीत जायचं थांबतं. छंदासाठी गाडी घेणाऱ्याने एवढी जबाबदारी घ्यायलाच हवी.