उष्णता व लहर : आपल्या पायांखालचें गणित

सन २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यापासून आपल्या डहाणू व तलासरी तालुक्यांतील भूमि वारंवार हादरूं लागली. ता. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्या मालिकेंतील ४.१ परिमाणाचा धक्का बसला, आणि धुंदलवाडीच्या आसपासच्या कित्येक कुटुंबांस थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूंत काढाव्या लागल्या. त्या दिवसांत वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें, “गुरुजी, आधीं जमिनींतून गडगड ऐकूं येते आणि मग घर हलतें. असें कां?” प्रश्न लहान दिसला, तरी त्याचें उत्तर गणिताच्या एका थोर शाखेंत सांपडतें. तिच्या विषयास ‘आंशिक अवकल समीकरणें’ असें भारदस्त नांव आहे. परंतु नांवास भिण्याचें कारण नाहीं.

चुलींत टोंक ठेवलेली लोखंडी सळई घ्या. तिचा प्रत्येक बिंदु जणूं आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या तापमानाची सरासरी पाहतो. आपण त्या सरासरीहून थंड असल्यास तो तापूं लागतो, उष्ण असल्यास निवूं लागतो. आणि अंतर जितकें मोठें, तितका बदलाचा वेग अधिक. उष्णतेचें समीकरण तें एवढेंच. आतां दोघांनीं ताणून धरिलेली दोरी घ्या. तिचाही प्रत्येक बिंदु शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढला जातो. पण येथें ओढीनें वेग ठरत नाहीं, वेगांतील बदल ठरतो. म्हणून बिंदु सरासरीपाशीं थांबत नाहीं. मिळालेल्या वेगाच्या भरांत तो पलीकडे जातो, पुन्हां परत येतो, आणि लहर पुढें धांवते. नियमांतील फरक एका पायरीचा. परिणामांतील फरक मात्र जमीन-अस्मानाचा!

लहरीचें समीकरण फ्रेंच गणिती दालांबेर यानें सन १७४७ मध्यें मांडिलें. उष्णतेचें समीकरण फूरिये यानें सन १८०७ मध्यें पॅरिस येथील विद्वत्सभेपुढें ठेविलें व सन १८२२ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. कोणताही वेडावांकडा आकार साध्या, नियमित लहरींच्या बेरजेनें उभा करितां येतो, असें त्याचें म्हणणें होतें. थोरथोर पंडितांनीं त्यावर आक्षेप घेतले. पुढें त्या आक्षेपांचें निरसन करितांनाच गणिताची एक नवी शाखा वाढीस लागली.

या युक्तीनें काय कळतें तें पाहा. सळईवरील उष्णतेच्या आकारांतील जी साधी लहर दुप्पट बारीक, ती चौपट वेगानें मावळते. म्हणून बारकावे प्रथम पुसले जातात. आपल्या वाडींतील मातीचेंच उदाहरण घ्या. दिवसाची उष्णता व रात्रीचा गारवा यांतील चढउतार साधारण कोरड्या मातींत वीतभर खोलीवर सुमारें सातवा हिस्साच उरतो, आणि तोही सात-आठ तास उशिरां पोंचतो. दुपारीं तापलेल्या जमिनीची ऊब तेथें रात्रीं आठ-नऊच्या सुमारास जाणवते. वर्षाचा चढउतार संथ, म्हणून अधिक खोल जातो. तरी सुमारें ७ मीटरांवर, म्हणजे पंधरा हातांवर, त्याचा विसावा हिस्साही धड उरत नाहीं, आणि गणिताप्रमाणें तेथें वैशाखाची ऊब कार्तिकांत पोंचते.

उष्णता अशी विसराळू आहे. निवलेल्या सळईवरून ती पूर्वीं कोठें तापली होती हें मागें जाऊन शोधूं म्हटलें, तर मापनांतील कणभर चूक प्रचंड फुगते आणि उत्तर हातीं लागत नाहीं. आदर्श लहरीचें तसें नाहीं. तिच्या समीकरणांत काळ उलटा फिरविला तरी समीकरण बदलत नाहीं. खऱ्या खडकांत लहर थोडीफार क्षीण होते हें खरें. तथापि ती आपल्या उगमाची खूण जपून आणते.

आतां त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. भूकंपाच्या वेळीं खडकांतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली दाबाची, ती सेकंदास सुमारें ६ किलोमीटर धांवते, आणि तिच्यामुळेंच पुष्कळदां गडगड ऐकूं येते. दुसरी आडवी हलविणारी. तिचा वेग सुमारें साडेतीन किलोमीटर, पण घरास हिसका तीच अधिक देते. उगम १० किलोमीटर दूर असेल तर पहिली १.७ सेकंदांत येते, दुसरी २.९ सेकंदांत. म्हणजे गडगड व हिसका यांत सव्वा सेकंदाचें अंतर पडतें. उलट, हें अंतर मोजलें कीं उगम किती दूर तें कळतें. निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांवरील अशा नोंदी एकत्र केल्या कीं उगमाची जागाही ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें या भागांत भूकंपमापक यंत्रें बसविलीं तीं याच कामासाठीं.

पालकांनीं मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लहर झालेल्या घटनेची साक्ष देते. उद्यांच्या धक्क्याचा दिवस ती सांगत नाहीं. कोणी तिथि-वार सांगून भय पसरवूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. त्यापेक्षां भिंतींना पडलेल्या भेगा वेळींच दुरुस्त कराव्या, बिछान्यावरच्या फळीवरील जड वस्तु खालीं उतरवाव्या, आणि दारापर्यंतची वाट मोकळी ठेवावी. सव्वा सेकंदांत धांवून बाहेर पडणें होत नाहीं. परंतु आधीं केलेली तयारी त्या सव्वा सेकंदांत कामास येते.