आम्ही काय अशा दिसतो का?

मैत्रिणींनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचा मेकअप करायला तुम्हीही कधी ना कधी गेला असाल. दोन वर्षांपूर्वी मीही आमच्या गावातल्या एका शाळेत गेले होते. कार्यक्रमात 'आदिवासी नृत्य' होतं. नेहमीप्रमाणे मी मुलींच्या हातातोंडाला काळपट रंग लावत होते. रंगाचा डबा धरून अक्राणीकडची एक मुलगी शेजारी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, आम्ही काय अशा दिसतो का?" हातातला स्पंज तिथंच थांबला. उत्तर सुचेना.

रात्री घरी आले तर लेक 'स्टार ट्रेक' बघत बसलेला. अंतराळातल्या सफरींची ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. त्यात क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी आहेत. जुन्या भागात ते साध्या माणसांसारखे, तर नंतरच्या भागात त्यांच्या कपाळावर हाडांच्या कडा! म्हटलं, "अरे, हे तेच ना? मग तोंडं का बदलली?"

त्यानं समजावलं ते असं. १९६७ मध्ये क्लिंगॉन पहिल्यांदा आले तेव्हा पैसा कमी अन् वेळही कमी. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी नटांना तपकिरी रंग लावला, जाड भुवया अन् दाढीमिशा लावल्या. झाला शत्रू तयार! १९७९ च्या चित्रपटासाठी पैसा आला, तेव्हा रबराचे मऊ तुकडे चिकटवून कपाळ उंच केलं. १९८७ च्या नव्या मालिकेत मायकल वेस्टमोर रंगभूषा बघत. त्यात वर्फ नावाचा क्लिंगॉन चक्क नायकांच्याच जहाजावर अधिकारी झाला. त्याला मुलगा, स्वतःचे रीतिरिवाज, मानअपमान, सगळं मिळालं.

चेहरे बदलले कसे, याचा खुलासा कथेत २००५ मध्ये केला. काय, तर एका विषाणूमुळे काहींच्या कपाळाच्या कडा गेल्या! मला हसूच आलं. आपल्या मालिकांत नटी बदलली की प्लास्टिक सर्जरी झाली म्हणतात, तसंच हे. २०१७ मध्ये त्यांना टकलू केलं, प्रेक्षक नाराज झाले. २०१९ मध्ये केस परत आले.

हसता हसता एक गोष्ट मात्र टोचली. शत्रू दाखवायचा म्हणून पहिल्यांदा हाताशी आला तो सावळा रंग. आणि मी तरी त्या दिवशी वेगळं काय केलं होतं?

आपल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत बुध्ये अंगावर पांढरी नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं बांधतात. तोही रंगच, पण तो नवसाचा, व्रताचा आणि त्यांनी स्वतः निवडलेला. आम्ही फासतो तो आमच्या डोक्यातला.

यंदा बसवताना मी त्याच मुलीला पुढे बोलावलं. पावलं तिनं शिकवली, साडी कशी नेसायची तेही तिनंच दाखवलं. रंगाचा डबा उघडलाच नाही. एक पालक म्हणाल्या, "ताई, मग आदिवासी वाटणार कशा?" मी त्या मुलीकडे बोट दाखवलं. ती वाटतेच आहे की! तुमच्या शाळेत डबा उघडायच्या आधी एवढं एकदा विचारून बघाल ना?