मोजले कोणाला, लागू केले कोणाला (संशोधन आणि समाज : लेखांक ६)

समलिंगी व्यक्तींच्या हक्कांवरील वादात गेली पन्नास वर्षे विज्ञानाचे दाखले दिले जात आहेत. विधिमंडळ असो, न्यायालय असो की घरातली चर्चा, ‘हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे कोणी म्हटले की समोरच्याची बोलती बंद होते. या दाखल्यांमागचे मूळ शोधनिबंध उघडून पाहिले, तर बहुतेक ठिकाणी एकच खोट सापडते. मोजणी एका गटाची झालेली असते आणि निष्कर्ष भलत्याच गटाला लावलेला असतो. नमुना कसा निवडावा, याचे नियम मागील लेखांकात आले आहेत. ते पाळले नाहीत तर काय होते, हे तीन अमेरिकी शोधनिबंधांवरून कळते.

निधनवार्तांतून काढलेले आयुर्मान

मानसशास्त्रज्ञ पॉल कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘ओमेगा’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. समलिंगी वाचकांसाठी निघणाऱ्या १८ अमेरिकी नियतकालिकांतील ६,७३७ निधनवार्ता त्यांनी गोळा केल्या होत्या. त्यावरून समलिंगी पुरुषांचे मृत्यूसमयीचे मध्यक वय एड्सने मृत्यू झाल्यास ३९ आणि अन्य कारणाने झाल्यास ४२ असे त्यांनी काढले. १९९७ मध्ये अमेरिकेचे माजी शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी दूरचित्रवाणीवर समलिंगी पुरुषांचे आयुर्मान ४३ वर्षे असल्याचे सांगितले, आणि आकडा घरोघरी पोचला.

आयुर्मान काढताना मृतांबरोबर जिवंत माणसेही हिशेबात धरावी लागतात. इथे जिवंत कोणीच नव्हते. मोजणीचा काळही एड्सच्या साथीचा, प्रभावी औषध हाती नसतानाचा होता. शिवाय या नियतकालिकांत निधनवार्ता येत ती प्रामुख्याने शहरातल्या, उघडपणे समलिंगी म्हणून जगणाऱ्या तरुणांची. लहान गावात आयुष्यभर गप्प राहून पंचाहत्तरीत वारलेला माणूस त्या पानावर येणे कठीणच होते. महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील श्रद्धांजलीच्या पानावरून हिशेब केला, तर विद्यार्थी विसाव्या वर्षीच मरतात असे ठरेल. हा हिशेब त्याच जातीचा आहे. कॅमेरॉन समाजशास्त्रीय संशोधनाचा सतत विपर्यास करतात, असे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९८६ मध्येच जाहीर केले होते. तरीही आकडा फिरत राहिला.

चांगल्या संशोधनाचीही अशीच गत होऊ शकते. कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांनी १९९७ मध्ये १९८७ ते १९९२ या काळातील माहितीवरून समलिंगी व उभयलिंगी पुरुषांच्या आयुर्मानातील घट दाखवली. एड्सची तीव्रता लक्षात यावी, हा त्यांचा हेतू होता. तोच निबंध समलिंगी जीवनाविरुद्ध वापरला जाऊ लागला, तेव्हा २००१ मध्ये त्यांनी पत्र लिहून आक्षेप नोंदवला. नव्या औषधांमुळे परिस्थिती पार बदलली होती, पण प्रचारातला आकडा जुनाच राहिला होता.

फोनवरच्या दोनशे मुलाखती

कोलंबिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने विकारांच्या यादीतून समलैंगिकता वगळली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणूनच २००३ मध्ये ‘आर्काइव्हज ऑफ सेक्शुअल बिहेवियर’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाला फार वजन मिळाले. आपला लैंगिक कल बदलल्याचे सांगणाऱ्या १४३ पुरुषांच्या आणि ५७ स्त्रियांच्या मुलाखती त्यांनी फोनवरून घेतल्या. प्रत्येक मुलाखत सुमारे पाऊण तासाची. पुरुषांपैकी ६६ टक्के आणि स्त्रियांपैकी ४४ टक्के समाधानकारक विषमलिंगी जीवन जगत असल्याचे निबंधात नोंदवले होते.

हे दोनशे जण आले कुठून, हे पाहिले की निबंधाचा पायाच ठिसूळ दिसतो. बहुतेकांना कल बदलण्याचा प्रचार करणाऱ्या धार्मिक संस्थांनी किंवा तसे उपचार करणाऱ्यांच्या संघटनेने पाठवले होते. ९३ टक्के लोकांच्या आयुष्यात धर्माला फार मोठे स्थान होते. ७८ टक्के लोक या उपचारांच्या बाजूने आधीच जाहीरपणे बोलले होते. चारचौघांत ‘मी बदललो’ असे सांगून बसलेला माणूस फोनवरच्या अनोळखी डॉक्टरला ‘नाही जमले’ असे सहसा सांगत नाही. ज्यांना खरोखरच जमले नव्हते, ते तर पाहणीत बसतच नव्हते. कित्येक वर्षांपूर्वीच्या भावना आठवून दिलेली उत्तरे पडताळायची कशी, याचाही मार्ग नव्हता.

कल बदलणे कोणाला तरी शक्य आहे का, एवढाच स्पिट्झर यांचा प्रश्न होता. मनापासून इच्छा असलेला कोणीही बदलू शकतो असा अर्थ काढू नका, असे त्यांनी बजावलेही होते. प्रचारात हा इशारा गळाला आणि टक्केवारी उरली. ती दाखवून मुलामुलींना उपचारांना बसवले गेले. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, स्पिट्झर यांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहिले. उत्तरे खरी की खोटी हे ठरवण्याचे साधन आपल्याकडे नव्हते, अशी कबुली देऊन त्यांनी समलिंगी समाजाची आणि अशा उपचारांत वर्षे वाया घालवलेल्यांची माफी मागितली. चूक मान्य करण्याचे हे धैर्य विज्ञानाच्या परंपरेला शोभणारे होते. ज्यांची वर्षे गेली, त्यांना मात्र ती परत मिळाली नाहीत.

बागायत आणि कोरडवाहू

तिसरा निबंध टेक्सस विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांचा, २०१२ मधला. १८ ते ३९ वयाच्या २,९८८ व्यक्तींची ही पाहणी होती. समलिंगी जोडप्याला विवाहाचा हक्क देण्यास विरोध करणाऱ्या विदरस्पून इन्स्टिट्यूटने तिला मोठा निधी दिला होता. लहानपणी आईचे एखाद्या स्त्रीशी प्रेमसंबंध आले असे १६३ जणांनी, तर वडिलांचे एखाद्या पुरुषाशी आले असे ७३ जणांनी सांगितले. मोडलेले संसार, सावत्र घरे, महिन्या-दोन महिन्यांचे संबंध, सगळे या गटांत जमा झाले. आई आणि तिची जोडीदार यांच्या घरात पूर्ण बालपण काढलेले दोनच जण होते. तुलना मात्र आईवडील शेवटपर्यंत एकत्र राहिलेल्या ९१९ जणांशी केली.

एक वाण बागायतीत आणि दुसरा कोरडवाहूत पेरून बियाण्याची प्रत ठरवावी, तशी ही तुलना होती. मोडलेल्या आणि न मोडलेल्या घरांतला फरक आईवडिलांच्या लैंगिकतेच्या खात्यावर लिहिला गेला.

हा निबंध न्यायालयात तपासला गेला. मिशिगनमधील एप्रिल डीबोअर आणि जेन राउस या परिचारिका एकत्र मुले वाढवत होत्या. राज्याच्या कायद्यामुळे दोघींना मिळून ती दत्तक घेता येत नव्हती. खटल्यात राज्याच्या बाजूने रेग्नेरस यांची साक्ष झाली. २१ मार्च २०१४ च्या निकालात न्यायाधीश बर्नार्ड फ्रीडमन यांनी ती पूर्णपणे अविश्वसनीय आणि दखल घेण्याजोगी नाही असे ठरवले. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला, त्या प्रकरणांत हा खटलाही होता.

हक्काच्या बाजूनेही तीच कसोटी

जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी १९९३ मध्ये समलिंगी भावांच्या ४० जोड्यांपैकी ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाकडील खुणा समान असल्याचे दाखवले. लगेच ‘गे जीन’ हा शब्द रूढ झाला आणि हक्कांच्या समर्थकांनीही ‘जन्मजात आहे, म्हणून हक्क द्या’ असा युक्तिवाद केला. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे एकच जनुक नसल्याचे स्पष्ट झाले. अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार लागतो आणि त्यावरून एखाद्या व्यक्तीचा कल सांगता येत नाही. संशोधनावर टांगलेला हक्क संशोधन बदलले की लोंबकळतो.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका निबंधाचा दावा होता की, समलिंगी कार्यकर्त्याशी दारात झालेल्या एका संभाषणाने लोकांचे मत टिकाऊपणे बदलते. दोन तरुण संशोधकांना तशीच पाहणी करायची होती. तयारी करताना त्यांना आकड्यांत विसंगती दिसली. माहिती विश्वासार्ह नसल्याचे उघड झाले आणि मे २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला. हा निष्कर्ष त्या दोघांनाही हवाहवासा वाटावा असाच होता, तरी त्यांनी तो तपासला.

भारतातील निकाल

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. समलैंगिकता हा आजार नाही, हे वैद्यकीय मत न्यायालयासमोर होते. निकाल मात्र उभा राहिला तो समता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा या घटनादत्त तत्त्वांवर. कल कशामुळे ठरतो, या प्रश्नाच्या उत्तरावर नागरिकाचा हक्क अवलंबून ठेवला गेला नाही.

विज्ञानाचे काम त्यामुळे कमी होत नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लैंगिक कल बदलण्याच्या उपचारांना मनाई केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवून राज्यांच्या वैद्यक परिषदांना तसे कळवले. महाराष्ट्रातही मुलाला ‘बरे करायला’ घेऊन आलेल्या आईवडिलांपुढे डॉक्टरने टक्केवारी ठेवली, तर ती कोणाला मोजून काढली, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.