एका जाकिटाचं घराणं

क्रिस्तियाँ दिओर यांनी स्वतःच्या नावाचं दुकान धड अकरा वर्षंही चालवलं नाही. 1946 च्या अखेरीस पॅरिसच्या अव्हन्यू माँतेनवर, 30 नंबरच्या इमारतीत त्यांनी बस्तान मांडलं आणि 24 ऑक्टोबर 1957 ला इटलीतल्या मोंतेकातिनी गावी ते वारले. वय 52. त्यांच्यामागे ती पाटी जवळपास सात दशकं टिकून आहे. आज मॉलमधल्या काचेआड ‘दिओर’ म्हणून जे मांडलेलं असतं, त्यातलं बरंचसं त्या गृहस्थांनी पाहिलेलंही नाही.

मग त्यांचं म्हणून उरलं काय? मला विचाराल तर एक जाकीट.

12 फेब्रुवारी 1947 ला दिओर यांनी आपला पहिला संग्रह दाखवला. त्यातल्या एका पोशाखाचं नाव होतं ‘बार’. जवळच्याच प्लाझा आतेने हॉटेलातल्या बारवरून ते ठेवलं, असं सांगतात. वर सायीच्या रंगाचं रेशमी जाकीट, खाली काळ्या लोकरीचा, चुण्यांचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा घेर. खांदा उतरता, कंबर करकचून आवळलेली आणि कमरेखाली जाकिटाचा काठ एकदम बाहेर फुटलेला. चांगल्या शिंप्याची अक्कल कपडा उलटा केल्यावर कळते. हे जाकीट उलटं केलं की कळतं, बाहेरचा तो डौल बाईच्या अंगाचा नव्हताच. आत कॅनव्हास होतं, अस्तर होतं आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना चक्क भराव होता. तेव्हा दिओरच्या कारखान्यात काम करणारे, पुढे स्वतःच नामांकित झालेले पिएर कार्दँ सांगत, की आपण औषधाच्या दुकानातून कापूस आणून तो भराव केला. जगभर गाजलेल्या त्या कमरेचं रहस्य ड्रेसिंगच्या कापसात होतं.

अमेरिकी मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी या घाटाला ‘न्यू लूक’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. वास्तविक त्यात नवं फार थोडं होतं. युद्धाच्या काळात कपडा मोजूनमापून मिळे. बायकांचे कोट पुरुषी, चौकोनी खांद्याचे, घागरे आखूड आणि अरुंद. दिओर यांनी घड्याळ मागे फिरवलं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या ग्रानव्हील गावात, गुलाबांच्या बागेच्या घरात त्यांचं लहानपण गेलं होतं. तिथल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बायकांचा तो बांधा होता, त्यांच्या आईच्या पिढीचा. म्हणजे ज्याला आपण आज दिओरचा वारसा म्हणतो, तो मुळात दिओर यांनी स्वतः पुढे चालवलेला वारसा होता. ही गोष्ट त्यांच्या वारसदारांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आली.

सगळ्यांना हा घाट रुचलाही नाही. एका झग्याला वीस-वीस वार कापड लागतं आणि इथे पोरांना अंगभर मिळत नाही, हा राग होताच. पॅरिसच्या र्‍यू लपिक या बाजारपेठेत छायाचित्रासाठी नवे कपडे घालून आलेल्या मॉडेलच्या अंगावरचे कपडे तिथल्या बायकांनी फाडले. अमेरिकेत पाय झाकणाऱ्या घागऱ्यांविरुद्ध निदर्शनं झाली. दिओर यांच्या पाठीशी मात्र मार्सेल बूसाक होते, आणि बूसाक हे फ्रान्समधले सुती कापडाचे सर्वांत बडे गिरणीमालक. घेर वाढला तर गिरणीवाल्याचं नुकसान कसलं?

घराणं म्हटलं की आपल्याला गाणं आठवतं. गुरूपुढे वर्षानुवर्षं बसायचं, त्याचा आवाजाचा लगाव उचलायचा, मग स्वतःचं काही. कपड्यांच्या घराण्यात ही शिस्त वरच्या खुर्चीत क्वचितच सापडते. तिथे बाहेरून माणूस नेमतात आणि सांगतात, उद्यापासून आमची गायकी तुम्ही गा. तालीम टिकते ती वरच्या मजल्यावरच्या शिवणघरात. दिओरकडे या शिवणघरांच्या प्रमुख होत्या मार्गरीत कारे. दिओर चित्रं काढत, ढीगभर काढत. त्या चित्राचं आधी मांजरपाटात बेतून, टाचून, उसवून, पुन्हा टाचून कपड्यात रूपांतर करायचं काम कारे आणि त्यांच्या हाताखालच्या बायकांचं. तिरपा कापलेला कपडा कुठे ओघळेल, मुंढा किती खोल घेतला तर हात उचलता येईल, भराव कुठे थांबवायचा, हे ज्ञान कागदावर नव्हतं, त्यांच्या बोटांत होतं. साहेब बदलले तरी ही बोटं तिथेच राहिली. नंतर आलेल्या प्रत्येकाला जाकीट आधी यांच्याकडून शिकावं लागलं.

दिओर अचानक गेले तेव्हा दुकान बंद करावं की काय, असा विचार व्यवस्थापक जाक रूए यांच्या मनात आला होता. पण तोवर दिओर हे नाव मोजे, टाय, अत्तर अशा नाना वस्तूंवर परवान्यानं छापलं जात होतं. परवानेवाल्यांचा जीव टांगणीला लागला आणि त्यांनी ओरड केली. नाव जगलं त्यात कलेइतकाच या परवान्यांचाही हात आहे, हे कबूल केलेलं बरं.

खुर्ची मिळाली 21 वर्षांच्या ईव्ह सँ लोराँ यांना. वर सांगितलेल्या अर्थानं खरे शागीर्द हे एकटेच. दोनएक वर्षं ते दिओर यांच्या हाताखाली वावरले होते. 30 जानेवारी 1958 ला त्यांनी जे दाखवलं त्यात कंबरच नव्हती. खांद्यापासून खाली तंबूसारखा पसरत जाणारा झगा, ‘त्रापेझ’. गुरूचं सर्वांत प्रसिद्ध अंग शिष्यानं पहिल्याच फटक्यात सोडून दिलं, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं! पॅरिसचा धंदा वाचला म्हणून रस्त्यात जल्लोष झाला. 1960 मध्ये त्यांनी काळी चामडी जाकिटं आणली, कॅफेत बसणाऱ्या पोरांच्या अंगावरची. गिऱ्हाइकं बिथरली. त्याच वर्षी सक्तीच्या लष्करी भरतीचं बोलावणं आलं, तिथे त्यांची प्रकृती ढासळली आणि परत येईतो खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं होतं.

ते दुसरे म्हणजे मार्क बोआँ. मला या सगळ्या मागोव्यात सर्वांत जवळचे वाटतात ते हेच, आणि यांचंच नाव लोकांना आठवत नाही. 1960 ते 1989, म्हणजे सुमारे 29 वर्षं. खुद्द दिओर यांच्या जवळपास तिप्पट. यांनी काही फोडलं नाही, काही जाळलं नाही. पहिल्याच संग्रहात घाट बारीक, सडपातळ केला. कंबर खुणेपुरती, भराव जवळजवळ गायब. मोटारीत बसणाऱ्या, जिने चढणाऱ्या बायकांना घालता येतील असे कपडे ते शिवत राहिले. तयार कपड्यांची ‘मिस दिओर’ शाखा आणि लहान मुलांचं दुकान त्यांच्याच काळातलं. गिऱ्हाईक खूश असलं की समीक्षक जांभया देतात, असा या धंद्याचा रिवाज दिसतो. बोआँ 2023 मध्ये 97 व्या वर्षी वारले तेव्हा बऱ्याच वाचकांना ते इतकी वर्षं हयात होते हेच नव्यानं कळलं असेल. त्यांच्या काळातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: 1962 मध्ये त्यांचा उन्हाळी संग्रह मुंबईत आणि दिल्लीत दाखवला गेला होता. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

मधल्या काळात बूसाक बुडाले. 1984 मध्ये बेर्नार आर्नो यांनी तो डबघाईला आलेला कापडउद्योग ताब्यात घेतला, तो मुख्यतः त्यातल्या दिओरसाठी. पुढचा हिशोब अर्थपानावरचा.

1989 मध्ये इटालियन जियानफ्रांको फेरे आले. शिक्षणानं वास्तुविशारद, उमेदीच्या काळात भारतात राहून काम केलेले. त्यांची जाकिटं इमारतींसारखी उभी राहत, एवढं म्हणून मी पुढे जातो. 1996 च्या अखेरीला जॉन गॅलियानो आले आणि दिओरच्या दालनात नाटक कंपनी उतरली. मसाई मणी, फाटक्या वर्तमानपत्रांची छपाई, इजिप्शियन मुखवटे. या कल्लोळात मूळ जाकीट हरवलं असं वाटावं, तर 2009 च्या जुलैत त्यांनी एक अफलातून गोष्ट केली. अव्हन्यू माँतेनच्या जुन्याच दालनात मॉडेल आल्या त्या अर्ध्या नटलेल्या: वर आवळलेलं जाकीट, खाली घागराच नाही, नुसते आतले कपडे आणि मोज्यांचे पट्टे. जणू पडद्यामागची तयारी चालू असतानाच कोणी पडदा सरकवला. दिओरचं जाकीट हे आतल्या बांधणीचं प्रकरण आहे, हे त्यांच्याइतकं बोलकं करून कोणी दाखवलं नव्हतं. 2011 मध्ये पॅरिसमधल्या एका कॅफेत काढलेल्या ज्यूद्वेषी उद्गारांमुळे त्यांना काढून टाकण्यात आलं, आणि ते योग्यच झालं. हा हुन्नर आणि ती जीभ एकाच माणसाची होती, हे गिळायला अवघड जातं.

पुढे खुर्चीवर आलेल्या राफ सिमन्स यांच्याकडून कमी बोलणाऱ्या माणसाची शिस्त आली. 2012 च्या जुलैत त्यांच्या पहिल्या संग्रहासाठी पॅरिसमधल्या एका हवेलीच्या भिंती छतापर्यंत फुलांनी मढवल्या होत्या. त्या फुलांपुढून पहिली मॉडेल आली ती काळ्या बार जाकिटात, आणि खाली अरुंद विजार. घेर काढून टाकल्यावरही कंबर ओळखू आली. तीन-साडेतीन वर्षांत ते गेले. वर्षाला इतके संग्रह काढायचे तर विचार कधी करायचा, ही त्यांची तक्रार होती.

2016 मध्ये मारिया ग्राझिया क्यूरी आल्या. स्थापनेपासून 70 वर्षं होत आली तेव्हा या घराण्याला पहिली बाई मिळाली. बायकांची कंबर कुठे असावी हे तोवर पुरुषच ठरवत होते, याची ही नोंद. क्यूरी यांनी जाकीट सैल केलं. आतली कडक बांधणी हलकी केली, अंगात घालून दिवसभर काम करता येईल असं. 2022 मध्ये तर त्यांनी बार जाकिटात अंग ऊबदार ठेवणारी तापयंत्रणा बसवली. जिथे कार्दँ यांचा कापूस होता, तिथे तारा आल्या. पुष्कळांना त्यांचे कपडे पचपचीत वाटले. मला त्यांचं काम अधिक पटतं, त्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते मुंबईत आहे.

पॅरिस आणि मिलानच्या बड्या नावांचं भरतकाम मुंबईत होतं, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. लेबलवर ते सहसा दिसत नाही. क्यूरी यांची मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकामाच्या पेढीशी आणि ती चालवणाऱ्या करिश्मा स्वाली यांच्याशी ओळख दिओरमध्ये येण्याच्या कितीतरी आधीची. दिओरमध्ये आल्यावर त्यांनी ती उघड केली. 2022 च्या जानेवारीत पॅरिसच्या शोला भिंतींवर माधवी आणि मनू पारेख यांची चित्रं होती, ती रंगवलेली नव्हे, भरलेली; चाणक्यच्या कारागिरांनी.

हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं असतं. नक्षी आधी कागदावर काढून रेषारेषेवर सुईनं भोकं पाडतात. तो खाका कपड्यावर पसरून रॉकेलमध्ये कालवलेल्या पुडीचा बोळा त्यावर फिरवला की खाली ठिपक्यांची नक्षी उमटते. मग कपडा लाकडी अड्ड्यावर ढोलकीसारखा ताणायचा, आणि दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेल्या माणसांनी आरी चालवायची: एक हात वर, एक हात कपड्याच्या खाली. खालचा हात दिसत नाही. दोरा तोच पुरवतो.

30 मार्च 2023 ला दिओरचा शो गेटवे ऑफ इंडियापुढे झाला. कमानीसमोर भलंथोरलं भरतकामाचं तोरण उभारलं होतं, चाणक्यच्याच हातचं. 1962 मध्ये बोआँ यांचे कपडे मुंबईला दाखवायला आणले होते; 61 वर्षांनी आलेले कपडे आधीच इथे भरून गेलेले होते. पुढच्या रांगांत सिनेमावाले आणि उद्योगपती होते, ते असायचेच. तरी शहराचं नाव कपड्याबरोबर जोडून घेतलं गेलं, ही गोष्ट मी लहान मानत नाही. ते पुरेसं आहे का? नाही. अड्ड्यावरच्या माणसाला शिवणघरातल्या मार्गरीत कारेंइतकं नाव मिळायला अजून अवकाश आहे, आणि तसं पाहता कारेंना तरी कितीसं मिळालं?

क्यूरी 2025 च्या मेमध्ये पायउतार झाल्या. जोनाथन अँडरसन आले आणि बायकांचे, पुरुषांचे, उंची हातशिलाईचे, सगळेच कपडे एकट्याच्या हाती आले. दिओर यांच्यानंतर असं पहिल्यांदाच. 27 जून 2025 ला त्यांचा पहिला शो झाला, तो पुरुषांच्या कपड्यांचा. पहिला मुलगा बाहेर आला. अंगात आयर्लंडच्या डोनेगलचं जाडंभरडं लोकरी कापड, बेत बार जाकिटाचा. खाली खिसेवाली अर्धी चड्डी, पण तिच्या बाजूंना कापडाचे मोठमोठे दुमड, 1948 च्या दिओरच्या एका झग्यावरून उचललेले. पाय उघडे. कमरेखाली जाकिटाचा काठ मात्र बाहेर फुटलेला.