चाल नाही, तरी ३०० वर्षं गाजतेय. बाखची ही रचना तुमच्या पेटीवर वाजवून पाहा!

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन असो की लातूरच्या गल्लीतलं भजन, साथीला पेटी दिसतेच. या पेटीतल्या सुरांचा एक जुना पेच समजून घ्यायला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखची दोन मिनिटांची रचना कामी येते.

कोणती रचना?

बाखने १७२२ मध्ये 'वेल टेम्पर्ड क्लेव्हियर' या संग्रहाचा पहिला भाग पूर्ण केला. बारा सुरांपैकी प्रत्येकाला 'सा' मानून त्यात एकूण २४ जोड्या आहेत. पहिल्या जोडीतला 'प्रील्यूड' सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एकमध्ये आहे.

ऐकायचं काय?

यात गुणगुणता येईल अशी चाल नाही. चार-चार ठोक्यांची ३५ आवर्तनं आहेत. पहिल्या ३२ आवर्तनांत नक्षी एकच, बदलतात ते फक्त सूर. बाखच्या काळातल्या हार्प्सिकॉर्डचा आवाज लगेच विरायचा. सूर एकामागून एक सुटे वाजवले की नाद भरलेला राहतो.

पेटीवर कसं वाजवाल?

पांढरी एकला 'सा' धरा.

- पहिलं आवर्तन: सा ग प, मग वरचे सा ग. शेवटचे तीन सूर पुन्हा. हे आठ सूर दोनदा.
- दुसरं: सा रे ध, वरचे रे म.
- तिसरं: खालचा नी, रे प, वरचे रे म.
- चौथं: पुन्हा पहिल्यासारखं.

दुसऱ्या-तिसऱ्यात ताण येतो, चौथ्यात घरी आल्यासारखं वाटतं. सगळी रचना याच खेळावर उभी आहे. पुढे तीव्र मध्यम, कोमल नी डोकावतात. २४व्या आवर्तनापासून सलग आठ आवर्तनं खाली फक्त 'प' वाजत राहतो आणि शेवटची चार आवर्तनं 'सा'. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळतं.

पेच कुठे आहे?

'सा' २४० हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध 'ग' ३०० हर्ट्झचा. बाजारातल्या बहुतेक पेट्यांत तो सुमारे ३०२.४ असतो. पट्ट्या एकाच 'सा'साठी अचूक जुळवल्या, तर दुसऱ्या 'सा'वर त्याच बेसूर लागतात. म्हणून प्रत्येक सुराला थोडं इकडे-तिकडे सरकवावं लागतं. बाखचा संग्रह याच तडजोडीचा फायदा दाखवतो: एकाच वाद्यावर बाराही 'सा'. त्याची जुळणी नेमकी कशी होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आजच्या पेटीत मात्र बारा सुरांमधलं अंतर समान असतं.

आपल्याकडे वाद का झाला?

आपल्या गायनात एका मैफलीत 'सा' सहसा बदलत नाही. म्हणजे तडजोडीचा तोटा आपल्या वाट्याला, फायदा मोजकाच. त्यात पेटीवर मींडही निघत नाही. अशा आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली; ती १९७१ मध्ये शिथिल झाली. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली.

मग पेटी चुकीची?

नाही. गायकाची पट्टी पांढरी चार असो वा काळी पाच, साथीदाराला पेटी बदलावी लागत नाही, ती याच तडजोडीमुळे. फरक स्वतः ऐकायचा असेल, तर मोबाइलवर तानपुरा ॲप लावा, पेटीचा 'सा' त्याच्याशी जुळवा आणि 'ग' दाबून धरा. आवाजात हलकी थरथर जाणवेल. ती थरथर याच फरकामुळे येते.